खो दिला, आता बसायचं कुठं?

इचलकरंजीच्या मलाबादे चौकातल्या चहाच्या गाड्यावर परवा सकाळी एका मित्रानं ओळख करून दिली. "हा आमचा गडी. खो-खो खेळायचा. खांबावर असा सूर मारायचा, बघत राहावं!"

गडी एकोणतीस वर्षांचा. रात्रपाळी संपवून कारखान्यातून थेट आलेला. केसांत, भुवयांत कापसाचे पांढरे तंतू अडकलेले. डाव्या गुडघ्याला पट्टा, त्याची कड पॅन्टच्या कापडातून दिसत होती. मित्र त्याचे जुने सामने एकामागून एक सांगत होता आणि हा कपातल्या चहाकडे बघत बसला होता. गोष्ट कुणा तिसऱ्याचीच चालली असावी, तसा.

मी विचारलं, "कधी सोडलास खेळ?"

"सोडला नाही, सर," तो म्हणाला. "सुटला."

त्या एका शब्दानं माझा चहा गार झाला. सोडणारा माणूस स्वतः ठरवतो, हात स्वतः उघडतो. सुटतं ते हातून जातं. एसटी सुटते, दोर सुटतो, नोकरी सुटते. आपल्या गावातल्या बहुतेक खेळाडूंचा खेळ असा सुटतो. सोडण्याचं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. सरकारी नोकराला निवृत्तीची तारीख वर्षानुवर्षं आधी ठाऊक असते. त्या दिवशी शाल असते, श्रीफळ असतं, दोन भाषणं असतात, पेन्शनची फाईल पुढं सरकलेली असते. खेळाडू मात्र एका संध्याकाळी मैदानावर येत नाही. दुसऱ्या संध्याकाळी त्याच्या जागी दुसरा पोरगा उभा असतो. एवढ्यावर विषय संपतो.

हा विषय असा संपू नये, म्हणून आजचं सदर.

*

पहिला प्रश्न वयाचा. सचिन तेंडुलकर २०१३ साली वानखेडेवर शेवटचा कसोटी सामना खेळला तेव्हा चाळीस वर्षांचा होता. खेळपट्टीला हात लावून त्यानं नमस्कार केला आणि घरोघरी टीव्हीपुढं माणसं रडली. इचलकरंजीतलं निवृत्तीचं वय अठरा-एकोणीस आहे आणि त्यासाठी कुणाच्याच डोळ्यांत पाणी येत नाही.

हे कसं होतं ते बघा. शालेय स्पर्धा तीन गटांत चालतात: १४ वर्षांखालील, १७ वर्षांखालील, १९ वर्षांखालील. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, बारावीलाही मिळतात. गुणपत्रिका हातात पडली की घरात आई-वडिलांची एकच ओळ असते: "झालं तेवढं बास. आता पुढचं बघ." सहावीपासून सात वर्षं पहाटे पाच वाजता उठलेला, गुडघे-कोपर फोडून घेतलेला, जिल्ह्याला, विभागाला, राज्याला जाऊन आलेला पोरगा एका जून महिन्यात माजी होतो. मिसरूड नुकतं फुटलेलं आणि माणूस माजी.

पालकहो, तुमची काळजी मला कळते. घरात दोन माग असतात, त्यांवर कर्ज असतं, सुताचे भाव आज वर तर उद्या खाली. पोरानं लवकर हाताशी यावं असं वाटण्यात चूक काहीच नाही. पण ज्या खेळानं त्याला पहाट दाखवली, शिस्त दिली, हरल्यावर समोरच्याशी हात मिळवायला शिकवलं, त्याची किंमत तुम्ही दहावीच्या वाढीव गुणांत मोजली. गुण वसूल झाल्यावर मैदान बंद केलं. पोरानं ते लक्षात ठेवलंय. तो बोलत नाही एवढंच.

*

मुलींचं तर आणखी अवघड. मुलाचा खेळ कामामुळं सुटतो, मुलीचा खेळ लग्न ठरलं की दुसरीच माणसं सोडवतात. पाहुणे येतात, पोह्यांची बशी फिरते, मुलीच्या शिक्षणाबद्दल चौकशी होते, स्वयंपाकाबद्दल होते. भिंतीवर पदकं टांगलेली असतात. त्यांकडे बघून कुणीतरी विचारतं, "लग्नानंतर खेळणार नाही ना?" आणि मुलीच्या वतीनं बापच मान हलवतो.

धाराशिवच्या सारिका काळेची गोष्ट या घरांत सांगितली पाहिजे. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारताच्या महिला खो-खो संघाची ती कर्णधार. त्याच वर्षी घरच्या परिस्थितीनं ती इतकी खचली होती की खेळ सोडायचं तिच्या मनात आलं होतं. ती टिकली. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि ती राज्याच्या क्रीडा खात्यात अधिकारी झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. महिलांची कर्णधार प्रियंका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही आपल्याच महाराष्ट्राचे. त्या संध्याकाळी आपण मोबाईलवर फटाक्यांची चित्रं पाठवली. त्याच संध्याकाळी आपल्या गल्लीतल्या किती पोरींचे बूट माळ्यावर गेले, ते कुणी मोजलं?

*

आता मुळाकडे येऊ. खेळ सुटला तर माणसाचं एवढं काय जातं? संध्याकाळचे दोन तासच ना?

तसं नाही. त्याचं नावच जातं.

ब्रिटन ब्रुअर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९९३ मध्ये दोन सहकाऱ्यांसोबत एक शोधनिबंध लिहिला. माणूस स्वतःला किती प्रमाणात 'खेळाडू' समजतो, हे मोजायची पट्टी त्यांनी तयार केली. त्यातली विधानं साधी आहेत. आपण स्वतःला खेळाडू मानतो का, आपले मित्र बहुतेक खेळाडूच आहेत का, खेळता आलं नाही तर मन खचेल का, अशा धर्तीची. निबंधाच्या नावातच त्यांनी सवाल टाकला होता: ही ओळख म्हणजे हर्क्युलिसचे स्नायू की अकिलिसची टाच? आपल्या भाषेत विचारायचं तर भीमाची गदा की दुर्योधनाची मांडी? ज्या ओळखीच्या जोरावर पोरगा पहाटे उठतो, दुखणं सोसतो, जिंकतो, तीच ओळख खेळ थांबल्यावर त्याला आतून मोडते. त्यानंतरच्या अभ्यासांत दोन गोष्टी पुन्हापुन्हा दिसल्या. ज्यांनी स्वतः ठरवून, तयारीनं खेळ थांबवला ते लवकर सावरले. दुखापतीनं किंवा संघातून वगळल्यानं ज्यांचा खेळ अचानक थांबला, त्यांना फार जड गेलं.

म्हणजे चहाच्या गाड्यावर माझ्या गड्यानं सांगितलेलं आणि या विद्वानांनी पट्टी लावून शोधलेलं एकच आहे. सोडणारा सावरतो. सुटतं त्याचे हाल होतात.

आणि हे फक्त हरलेल्यांचं नाही. अभिनव बिंद्रानं २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकलं आणि त्यानंतर आपल्याला किती पोकळ वाटलं, हे त्यानं स्वतः मोकळेपणानं सांगितलंय. ज्याच्या गळ्यात देशाचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण पडलं त्याला 'आता पुढं काय' या प्रश्नानं गाठलं. मग आपल्या गावभागातल्या पोराला तो प्रश्न गाठणार नाही असं आपण कशाच्या भरवशावर धरलं?

*

आपल्या भागात हे सगळ्यात ठळक दिसतं ते पैलवानांत. कोल्हापूर जिल्ह्यात एकदा माणूस पैलवान झाला की मरेपर्यंत पैलवान. पंचविसाव्या वर्षी लांग उतरवली तरी पासष्टाव्या वर्षी किराणा दुकानात "या पैलवान" असंच स्वागत होतं. हा मान मोठा आहे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं, तालमींना आसरा दिला, तेव्हापासून या मातीनं हा मान जपलाय. पण या हाकेत एक धोकाही दडलेला आहे. मेहनत थांबली, तरी 'पैलवान' या नावाला शोभेल असा खुराक मात्र थांबत नाही.

हे मी जवळून पाहिलंय. आमच्या नात्यात एक पैलवान होते. खांदा निखळला आणि कुस्ती बंद झाली. तालमीत असताना पहाटे जोर-बैठका, दुपारी झोप, संध्याकाळी लढत. सोबत दूध, तूप, बदामाची थंडाई. कुस्ती थांबली त्या आठवड्यात जोर-बैठका थांबल्या. दूध-तूप पंधरा वर्षं चालूच राहिलं. "पैलवानाच्या घरात दूध कमी पडलं म्हणतील लोक," असं ते म्हणायचे. पन्नाशीत साखर, पाठोपाठ गुडघे. शेवटी जिना चढताना ते कठडा धरून थांबायचे आणि खालून कोण बघतंय का ते आधी बघायचे. धाप लागल्याचं दुःख कमी होतं, कुणी बघेल याचं जास्त होतं. मोडलेला कान मात्र अखेरपर्यंत दिमाखात होता. त्या कानाकडे बघून लोक त्यांना ओळखायचे आणि नमस्कार करायचे. तब्येत कशी आहे, हे त्या नमस्कारांतल्या एकानंही विचारलं नाही.

जुने जाणते वस्ताद सांगायचे, मेहनत एका दिवसात तोडू नको, हळूहळू उतरव, आणि खुराक त्याच्या आधी उतरव. हे शहाणपण तालमीत होतं. आज किती तालमींत, किती मंडळांत, किती प्रशिक्षकांच्या तोंडी ते शिल्लक आहे? पोराला वजन वाढवायचा तक्ता मिळतो, स्पर्धेआधी उतरवायचा तक्ता मिळतो. खेळ थांबल्यानंतरचा तक्ता त्याच्या हातात कोण देतं?

*

खाशाबा जाधव हे नाव आपण भाषणात फार घेतो. आज त्यांचा उत्तरार्ध सांगतो, कारण भाषणं तिथपर्यंत जात नाहीत.

कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडावं लागलं. गावी परतले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, जिंकल्या आणि त्या पैशांतून खर्डेकर सरांचं देणं फेडलं.

इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पुढं ऐका. १९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीनं १९५६ चं मेलबर्न हुकलं. सत्तावीस वर्षं नोकरी केली, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावं लागलं. १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, तेही पदकानंतर जवळजवळ अर्ध्या शतकानं. पद्म पुरस्कार आजवर नाही.

मिरवणुकीला शंभर बैलगाड्या जमवणारा समाज पुढच्या बत्तीस वर्षांत त्या माणसासाठी एक टेबल, एक सही, एक वेळेवर निघालेला कागद जमवू शकला नाही. मिरवणूक एका दिवसाची असते आणि ती काढणाऱ्यालाही मिरवता येतं. कागद पुढं सरकवणाऱ्याचा फोटो छापून येत नाही, म्हणून कागद मागं राहतो. हे १९५२ मध्ये झालं आणि आजही होतं. गुलालाचं पोतं आणायला अर्ध्या तासात वर्गणी जमते. त्याच खेळाडूच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी डबा फिरवून बघा.

*

आता सोडणाऱ्याचं उदाहरण. तेही आपल्याच जिल्ह्यातलं.

वीरधवल खाडे, कोल्हापूरचा जलतरणपटू. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य. आशियाई स्पर्धेत भारताला जलतरणात चोवीस वर्षांनी मिळालेलं ते पदक. राज्यानं त्याला तहसीलदार केलं. नोकरी मानाची होती, पण तिच्यामुळं काही वर्षं तलाव दुरावला. तरी तो परतला. २०१८ मध्ये जकार्त्याला पन्नास मीटर फ्रीस्टाईलमध्ये त्याचं कांस्य एका सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. २०२० च्या टाळेबंदीत तलाव बंद पडले तेव्हा त्यानं उघडपणे लिहिलं की आता निवृत्तीचा विचार करावा लागेल. त्या वेळी खेळ त्याच्या हातून सुटतच होता.

त्यानं तो सुटू दिला नाही. २०२३ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तो उतरला, पन्नास मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण घेतलं आणि स्पर्धात्मक पोहणं थांबवलं. त्याच स्पर्धेत, त्याच अंतराचं महिलांचं सुवर्ण त्याची पत्नी ऋजुता खाडे हिनं जिंकलं. दिवस त्यानं निवडला, पाणी त्यानं निवडलं, आणि शेवटची भिंत त्यानं स्वतःच्या हातानं शिवली.

ते त्याला जमलं कारण त्याच्या पायाखाली जमीन होती. पद होतं, पगार होता, खेळाशी नातं ठेवणारं घर होतं. ही जमीन ऑलिंपिकपटूलाच का मिळावी? राज्यस्तरावर खेळलेल्या आमच्या गड्याला निदान उभं राहण्यापुरती फरशी तरी मिळू नये का?

*

सरकार काहीच करत नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरी, वयोवृद्ध मल्ल यांना मानधन मिळतं आणि २०२३ मध्ये ते वाढवल्याची घोषणा झाली. केंद्रानं २०२४ च्या राष्ट्रीय क्रीडा दिनी निवृत्त खेळाडूंना नवं कौशल्य शिकवणारी 'रीसेट' नावाची योजना सुरू केली. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने उगवत्या मल्लांना मानधन देतात, ही तर आपल्या सहकाराची शान आहे.

पण या सगळ्याला एक गाळणी लागलेली आहे. वरून पदक ओता, खाली मदत येते. पदक नसेल तर काही येत नाही. कारखान्याचं मानधन जिंकणाऱ्याला आहे, जिंकणं थांबलं की तेही थांबतं. आरक्षणाच्या रांगेत बोगस प्रमाणपत्रवाले घुसले, त्याची प्रकरणं राज्यभर गाजली. त्याची शिक्षा खऱ्या खेळाडूला मिळाली. त्याचं प्रमाणपत्र पडताळणीच्या टेबलावर महिनोन्महिने पडून राहू लागलं आणि भरतीचं वय निघून गेलं. माझ्या गड्याचं असंच झालं. फाईल कुठल्या टेबलावर अडली हे त्याला आजही नीट सांगता येत नाही. तोवर त्यानं माग धरला होता.

मागावर त्याच्या मजुरीचा हिशेब पक्का आहे. ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे किती पैसे, हे या गावात लहान पोरालाही कळतं, कारण त्या दरासाठी इथल्या कामगारांनी संप केले, मोर्चे काढले. धोटा किती फेऱ्या मारतो त्याला भाव आहे. मैदानावर त्यानं घामाच्या किती फेऱ्या मारल्या, त्याला भाव कुणी ठरवायचा?

*

आता नाव घेऊन सांगतो, कुणाला काय करता येईल.

महापालिका. २०२२ मध्ये आपण नगरपालिकेची महापालिका झालो. फलक बदलला, आता मैदान बदला. मैदानावर माजी खेळाडूंना मानधनावर घ्या. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. गावात खेळ येणाऱ्या माणसांची खाण आहे आणि मैदानं शिकवणाऱ्याविना ओस पडलेली आहेत. या दोन गोष्टी एकमेकींना भेटवायला एक ठराव पुरतो.

मंडळांचे पदाधिकारी. खेळाडू विशीचा झाला की त्याला पंच परीक्षेला बसवा. फी मंडळानं भरावी. चोविसाव्या वर्षी गुडघा गेला तर त्याच्या खिशात शिट्टी असली पाहिजे. वार्षिक स्पर्धेत एक सामना निरोपाचा ठेवा. ज्याचा खेळ थांबतोय त्यानं तो दिवस निवडावा, त्याच्या आईनं पहिल्या रांगेत बसावं, शेवटची पाच मिनिटं त्याच्यासाठी मैदान उभं राहावं. ढाल नको, पाकीट नको. त्याला 'सोडला' म्हणता आलं पाहिजे.

कारखानदार, सायझिंगवाले. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग लावला आणि त्यांच्या पाठीशी नारायणराव घोरपडे सरकार उभे राहिले. कुणीतरी पाठीशी उभं राहिलं म्हणून हे गाव उभं राहिलं. ती रीत पुढं चालवा. राज्य खेळलेला कामगार तुमच्याकडे असेल तर त्याला कायम दिवसपाळी द्या. संध्याकाळ त्याची राहू द्या. रात्रपाळीनं माणसाची झोप जाते आणि खेळाडूचं मैदानही जातं.

प्रशिक्षक. तुमच्या शब्दाला पोरं आईबापाच्या शब्दाहून जास्त मानतात. "खेळ म्हणजेच सगळं" हे वाक्य फेकून द्या. त्या वाक्यानं पोरगा आज जिंकेल, पण तिशीत रिकामा होईल. त्याला सांगा, तू खेळाडू आहेस आणि शिवाय तू आणखीही कुणी आहेस. ते आणखी कुणी कोण, हे शोधायला त्याला सोळाव्या वर्षीच मदत करा. आणि ज्याचं येणं बंद झालं, त्याच्या घरी एकदा जा. दहा वर्षं ज्याच्या शिट्टीवर तो पळाला त्यानं दारात येऊन "बरा आहेस ना रे?" विचारलं, तर त्या घरातली रात्र बदलते.

आणि आपण सगळे. चौकात भेटल्यावर "सध्या काय करतोस?" हा प्रश्न आपण किती सहज टाकतो! नुकता खेळ थांबलेल्या माणसाला तो सुरीसारखा लागतो, कारण त्याच्याजवळ उत्तर नसतं. त्याऐवजी म्हणा, "रविवारी मैदानावर ये, पोरांना जरा दाखव."

*

या भागाला याचं उत्तर पूर्वीपासून ठाऊक होतं. तालमीत वस्ताद नावाची जागा होती ती त्यासाठीच. १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला खेळून आले. कुस्ती थांबल्यावर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत त्यांनी वस्ताद म्हणून उभी हयात घातली. त्यांच्या हाताखाली रुस्तुम-ए-हिंद दादू चौगुले तयार झाले. २०१८ मध्ये आंदळकर गेले तेव्हा राज्यभरातले मल्ल हळहळले. त्यांच्या आयुष्यात 'माजी' हा शब्द कधी बसलाच नाही, कारण त्यांना आखाड्याच्या काठावर बसायला जागा होती.

आणि खो-खोचा तर हा मूळ नियमच आहे. नऊ जणांतले आठ पाटीत बसतात, एक पळतो. पळणारा दमला की बसलेल्याच्या पाठीवर थाप मारतो, "खो" म्हणतो. बसलेला उठतो आणि खो देणारा त्याच्याच जागेवर बसतो. पळून दमलेल्याला जागा देणारा हा खेळ आपल्या मातीत रुजला. त्याच्या खेळाडूंना मात्र आपण खो द्यायला लावला आणि बसायची जागाच काढून घेतली.

परवा गाड्यावरून उठताना मी त्या गड्याला म्हणालो, रविवारी सकाळी ये. तो काही बोलला नाही. रविवारी साडेसहाला मैदानावर आला. बुटांशिवाय, गुडघ्याचा पट्टा तसाच. शाळेच्या पोरांचा सराव चालू होता. पाटीत सातच जण होते, आठवा चौकोन रिकामा. एका बारक्यानं त्याच्याकडे बघून विचारलं, "काका, तुम्ही खेळता?"

"खेळायचो," तो म्हणाला. "आता बसायला आलोय."

तो आठव्या चौकोनात बसला. एक पाय दुमडला, पट्ट्याचा पाय जरा बाजूला घेतला, नजर समोर. दोन मिनिटांनी पाठीवर थाप पडली, "खो!" तो उठला. तीन पावलं पळाला, चौथ्या पावलाला गुडघा दुखला असणार, चेहऱ्यावर दिसलं. पुढच्या पोराच्या पाठीवर हात टेकला, भरल्या आवाजात "खो" म्हणाला आणि त्या पोराच्या जागी जाऊन बसला.